विहानच्या डोक्यातली शीर

विहानचं टोपडं तिसऱ्यांदा उसवून मोठं करावं लागलं, तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, एवढं डोळ्यांसमोर होतं आणि या बाईला दिसलं कसं नाही? दिसलं होतं. आम्हाला ते चांगलं वाटलं होतं, एवढंच.

मी बोईसरच्या एका वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. आठ वर्षं झाली, दुसऱ्यांच्या मुलांची वजनं घेते, दंडाची मापं घेते, तक्त्यावर ठिपके टाकते आणि आयांना रागावते. प्रशांत, माझा नवरा, तारापूरला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. तो मूळचा सातपाटीचा, घरची होडी आहे, पण ह्याला बोट लागते म्हणून कारखान्यात पळाला, असं मी त्याला चिडवते. मी माकुणसारची, बागायतदारांच्या घरातली. म्हणजे आमच्या घरात समुद्र आणि वाडी दोन्ही आहे आणि दोन्हीकडचे सल्लेही आहेत.

बाळंतपणानंतर सासूबाई सातपाटीहून येऊन राहिल्या. रोज सकाळी विहानला पायांवर घ्यायच्या, तेल कोमट करायच्या आणि त्याची टाळू भरायच्या. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पुढे जो मऊ भाग असतो, तिथे तळहातानं तेल थापायचं. ही टाळू खाली गेली की बाळ सुकलं, असं समजतात, आणि आमच्याकडच्या बायकांना धास्ती असते ती त्याचीच. विहानची टाळू कधी खाली गेली नाही. उलट ती वर आलेली, ताणलेली, हात ठेवला तर ठोके जाणवायचे. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. "हात लाव ना. कशी वर हाय बघ. माझ्या तेलाची करामत हाय ही."

दूध पिताना त्याला घाम यायचा. पंखा चालू असताना कपाळावर, मानेवर थेंब. चार घोट घेऊन तो दमायचा, सोडून द्यायचा, मग भुकेनं रडायचा. मी म्हटलं, उकाडा आहे. कानशिलांवर निळ्या शिरा दिसायच्या. मी म्हटलं, गोरा आहे. सासूबाई म्हणाल्या, एवढं मोठं डोकं म्हणजे पोरगा कलेक्टर होणार, कोळगावच्या कलेक्टर हापिसात मी त्याच्याकडे पापलेटांचं ताजं मावरं घेऊन जाणार. आम्ही पोट धरून हसलो.

अडीच महिन्यांचा असताना मी त्याला अंगणवाडीत नेलं, आमच्या मदतनीस कमलताईंना दाखवायला. सहज म्हणून वजनकाट्याच्या झोळीत ठेवलं. वजन गेल्या महिन्यापेक्षा जेमतेम वाढलेलं. कमलताई काट्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"ताई, दुसऱ्या कुनाचं पोर असतं, तं त्याच्या आईला तुमी काय बोलल्या असत्या?"

काय बोलले असते, ते मला पाठ होतं. आजच्या आज डॉक्टरकडे जा. मी वजन कागदावर लिहिलं, तक्त्यावर ठिपका टाकला नाही आणि घरी आले. दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते, कारण मनातून मला कळलं होतं आणि मी घाबरून बसले होते.

डोकं ऐकणारा डॉक्टर

बोईसरच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी टेपनं डोक्याचा घेर मोजला. लिहून घेतला. मग पुन्हा मोजला. छाती तपासली, पोट दाबून पाहिलं. मग पंखा बंद करायला सांगितला आणि स्टेथोस्कोप विहानच्या टाळूवर ठेवला. मी कितीतरी मुलांना डॉक्टरांकडे नेलं आहे, पण डोकं ऐकणारा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला.

"बाळाचे बाबा कुठे आहेत?"

"कामावर."

"बोलावून घ्या."

बाबांना बोलवा, असं डॉक्टर सर्दीखोकल्यासाठी म्हणत नाहीत.

त्याच दुपारी पालघरला सोनोग्राफी झाली. टाळूवर गार जेल लावलं तसा विहान दचकला. मशीनवरचे डॉक्टर गप्पिष्ट होते. गाव कुठलं, सातपाटी का, यंदा पापलेट कसं आहे, असं विचारत होते. मग बोलता बोलता थांबले. पडद्यावर डोक्याच्या मधोमध एक काळा गोल होता. त्यांनी कुठलंतरी बटण दाबलं आणि तो गोल लाल-निळ्या रंगांनी भरून गेला.

प्रशांत तसाच ड्यूटीवरून आला होता, नखांत गुलाबी रंग घेऊन. तो हळूच म्हणाला, "हे रंग कसले?"

"रक्त आहे ते," डॉक्टर म्हणाले. "फार जोरात वाहतंय."

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. डोक्यात रक्त नेणाऱ्या धमन्या आधी बारीक होत जातात आणि मग रक्त शिरेत जातं. विहानच्या डोक्यात मधल्या त्या बारीक वाटाच नव्हत्या. धमन्या थेट एका शिरेत उघडत होत्या. ती शीर फुगली होती, मेंदूवर दाब येत होता आणि एवढं रक्त तिकडे ढकलता ढकलता त्याच्या हृदयाची दमछाक होत होती. घाम त्याचाच होता. आजाराचं नाव व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन. नाव मी कागदावर मराठीत लिहून घेतलं.

"बरं होतं का हे?" मी विचारलं.

"तुम्ही लगेच मुंबईला निघा," डॉक्टर म्हणाले.

हे उत्तर नव्हतं, हे मला कळलं. बाहेर पायऱ्यांवर मी प्रशांतला विचारलं, "तो मरणार आहे का?" तो म्हणाला, "गप बस." लग्न झाल्यापासून तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. ॲम्ब्युलन्समध्ये मनोरला हायवे लागल्यापासून पुढे मी विहानच्या छातीवरची नजर काढली नाही. मी बघत राहिले नाही तर श्वास थांबेल, असं मला खरोखर वाटत होतं.

गुलाबी ठिपके

मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयातला दिवस सकाळच्या वजनानं सुरू व्हायचा. मग हृदयाचं औषध, मग नळीनं दूध, तेही थेंब मोजून, कारण पाणी जास्त झालं तरी हृदयावर ताण. दर तीन तासांनी पुन्हा तेच. सिस्टरनं मला श्वास मोजायला शिकवलं. एका मिनिटात किती वेळा पोट वर येतं, ते मोजायचं. मला तेवढं एकच काम हातात होतं, म्हणून मी ते दिवसभर करायची. कधी कधी आकडा चुकायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

ॲडमिट करताना एका तरुण डॉक्टर मुलीनं विहानचे सगळे कपडे काढले. पाठीवर दोन आणि मांडीवर एक, असे तीन गुलाबी ठिपके होते, बोटाच्या टोकाएवढे, कडेला जरा फिकट. तिनं त्यावर दाबून पाहिलं.

"हे जन्मापासून आहेत?"

"रंग आहे तो," मी म्हटलं. "ह्याचे बाबा रंगाच्या कारखान्यात आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तारापूरची कुणी असती तर तिला आश्चर्य वाटलं नसतं. रंगखात्यातल्या माणसाचा रंग धुतला तरी जात नाही. तो कातडीत मुरतो आणि घामातून परत येतो. आमच्याकडे उशीचे अभ्रे गुलाबी, टॉवेल गुलाबी, न्हाणीघरातली फरशी गुलाबी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत प्रशांतनं पांढरा सदरा घातला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या काखा गुलाबी झाल्या, त्यावरून मी त्याला अजून छळते. त्याच्या खांद्यावर, कानामागे असे गोल गुलाबी डाग होतेच. त्याच्या खात्यातल्या सगळ्यांच्या अंगावर कुठेना कुठे असतात. त्यामुळे विहान तीन आठवड्यांचा असताना हे ठिपके दिसले, तेव्हा मला वाटलं, ह्यानं कामावरून येऊन पोराला घेतलं आणि लागला रंग. मी बेसन लावलं, खोबरेल लावलं. जाईनात. मग मी प्रशांतला दम दिला, दोनदा आंघोळ केल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. आणि तो इतका गरीब, की तीन-चार वेळा माझं तोंड पाहून त्यानं हात लावणंच बंद केलं. दारातून बघायचा आणि म्हणायचा, झोपला का?

आजाराचं नाव कळल्यावर माझं डोकं त्याच रंगाला जाऊन चिकटलं. अंगाला लागलेला रंग आत गेला असणार. मी गरोदर असताना त्याचे कपडे मीच धूत होते. एके सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर प्रशांत चहा घेऊन आला आणि मी एकदम म्हणाले, "तुझ्या रंगानं माझ्या पोराचं डोकं खाल्लं."

त्यानं चहा बाकावर ठेवला. मग म्हणाला, "नोकरी सोडू का?"

"आता सोडून काय होणार आहे?"

भीती माणसाला किती वाईट वागायला लावते, ते मला त्या आठवड्यात कळलं. मी एकटीच नव्हते. सासूबाई भेटायला आल्या, काचेतून नातवाला पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाल्या, "तुला बोलली होती मी. गिराण पाळ, गिराण पाळ. तू बसली कोलंबी सोलत."

ग्रहणात गरोदर बाईनं काही कापू-सोलू नये, नाहीतर पोराच्या अंगावर डाग येतो, असं त्या मानतात. त्या दिवशी पाहुणे येणार होते आणि मी कोलंबी सोलली होती, हे खरं. अंगणवाडीत मी बायकांना सांगते, असं काही नसतं. तिथे उभं राहून मात्र मला वाटलं, असलं तर? ही भीती मी कुणाला सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गोल आणि चौकोन

डोक्याचे डॉक्टर म्हणाले, जांघेतून एक बारीक नळी डोक्यापर्यंत न्यायची आणि त्या चुकीच्या वाटा आतून चिकटवून बंद करायच्या. बाळ अजून मोठं असतं तर बरं झालं असतं, पण हृदय किती थांबू देतं ते बघू. त्यांनी धोकेही सांगितले. रक्तस्राव, झटके, अंगाची एक बाजू जाणं, आणि टेबलावरच जाणं. हे सांगताना ते आमच्या डोळ्यांत बघून बोलले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या वेळी मात्र मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटत होतं.

दरम्यान आनुवंशिक आजारांच्या मॅडम आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कापडी पिशवीतून वही काढणाऱ्या. त्यांनी पानभर गोल आणि चौकोन काढले. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. आमच्या दोघांच्या घरातली माणसं एकेक करून विचारली. कुणाला झटके? कुणी अचानक गेलं? हृदयाचं काही? मग म्हणाल्या, "घरात कुणाच्या अंगावर असे गुलाबी डाग आहेत? जन्मापासूनचे?"

"नाही," प्रशांत म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

आम्ही खोटं बोललो नाही, ही खरी गंमत आहे. मी त्याच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला बसले होते. कॉलरच्या वर, कानामागे एक डाग स्पष्ट दिसत होता. मॅडमना तो दिसला नाही, कारण तो कान भिंतीकडे होता. आणि आम्हाला तो डाग वाटतच नव्हता. तो कामाचा रंग होता. त्यांनी विहानचं रक्त घेतलं, आमचंही घेतलं आणि म्हणाल्या, रिपोर्टला काही आठवडे लागतील.

मी त्यांना विचारलं होतं, "कारखान्यामुळे झालंय का हो?"

"आधी बघू," त्या म्हणाल्या. "मन त्यात अडकवू नका." पण मन अडकलेलंच होतं.

खांदा

प्रशांत रजेवर होता. पालकांसाठी रुग्णालयाजवळ एका संस्थेनं खोल्या दिल्या होत्या, तिथे आम्ही आळीपाळीनं आंघोळीला जायचो. विहानच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिथे होतो. प्रशांत आंघोळ करून पाठमोरा उभा होता, शर्ट शोधत होता. मी त्याला घाई करत होते. आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

त्याचे हात स्वच्छ होते. नखं माणसासारखी पांढरी. तीन आठवडे तो कारखान्यात गेला नव्हता आणि अंगातला सगळा रंग निघून गेला होता. दोन दिवसांपूर्वी मी त्याचा टॉवेल धुतला होता, पाणी पांढरंच राहिलं होतं, हेही मला तेव्हाच आठवलं. पण खांद्यावरचे चार आणि कानामागचा एक, ते होते तसेच होते. गुलाबी, गोल, कडेला फिकट.

मी जाऊन एकावर अंगठा दाबला. दाबल्यावर फिका पडला, सोडल्यावर परत गुलाबी झाला. त्या तरुण डॉक्टरनं विहानच्या पाठीवर दाबून पाहिलं होतं, अगदी तसाच.

"काय झालं?" तो म्हणाला.

"हे रंग नाहीत."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो खाटेवर बसला. मी सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "आई, प्रशांतच्या खांद्यावर ते गुलाबी आहे ना, ते कधीपासून आहे?"

"जन्मला तवापासून हाय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? प्रशांत पोटात होता. गिराण लागलेलं. होडी आलेली, मावरं पडून होतं, कोन कापनार? मीच बांगडे कापले. पोराच्या अंगावर डाग घेऊन तो जन्माला आला, तवापासून कुनालाच नाय सांगितलं मी. त्याच्या बापालाबी नाय." आणि त्या रडायला लागल्या. "तुला बोलली मी पोरी. माझंच पाप तुझ्या अंगावर टाकलं."

चौतीस वर्षं ही बाई ते मनात घेऊन मासे विकत होती. माझा तिच्यावरचा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही. मी म्हटलं, "आई, बांगड्यांनी काही झालेलं नाही. रडू नका. विहानला आता आत नेणार आहेत, देवापाशी दिवा लावा."

प्रशांत मात्र खाटेवरून उठत नव्हता. "म्हणजे माझ्याकडूनच आलं," तो म्हणाला. "रंगातून नाही, तर असं."

मला त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी त्याला शर्ट घातला, बटणं लावली आणि आम्ही निघालो.

दार

भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "बाळाला घेऊन एकच जण आतल्या दारापर्यंत येऊ शकतं."

सिस्टरनं मला हिरवा गाऊन दिला. मी तो प्रशांतला दिला.

"तू ने."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "धुवून येतो," म्हणाला.

"नको धुऊ," मी म्हटलं. "घे त्याला."

दोन महिन्यांत त्यानं विहानला घेतलं नव्हतं. कसं धरायचं तेच विसरला होता. मान सांभाळत, कोपर वर काढून, कुणीतरी ओरडेल अशा भीतीनं त्यानं त्याला छातीशी धरलं. विहाननं त्याच्या कॉलरमध्ये बोट अडकवलं. दार उघडलं आणि ते दोघं आत गेले. थोड्या वेळानं प्रशांत एकटाच बाहेर आला. हात तसेच धरलेले, मध्ये काही नाही. मी माझ्या आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

पाच तास लागले. त्या पाच तासांचं काय लिहू? पहिला तासभर मी देवाशी सौदे केले. नंतर मला राग आला, देवाचा, डॉक्टरांचा, समोर डबा उघडून जेवणाऱ्या एका माणसाचा. मग तेही संपलं आणि नुसती भीती राहिली. दार उघडलं की मी उठून उभी राहायची. आत जाताना त्याच्या पायात मोजे होते की नाही, हे मला आठवेना आणि ते मी प्रशांतला दहा वेळा विचारलं. त्यानं दहाही वेळा उत्तर दिलं. आमच्याशेजारी उत्तर प्रदेशातल्या एक आजी बसल्या होत्या, त्यांची नात आत होती. त्यांनी काही न विचारता माझा हात धरला आणि म्हणाल्या, "रो लो बेटी, यहाँ सब रोते हैं." मी रडले. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीचा कपाळावर वळ उठला होता. म्हणाले, "सगळं बंद केलं नाही, मुद्दाम. एकदम बंद करणं धोक्याचं असतं. पण मुख्य जोर कमी झाला आहे. हृदयाला आराम पडेल." मी विचारलं, "जिवंत आहे ना?" मला तेवढंच ऐकायचं होतं. ते म्हणाले, "हो, हो, ताई. जिवंत आहे."

तिसऱ्या दिवशी विहाननं बाटलीतलं दूध संपवलं आणि त्याच्या कपाळावर घाम नव्हता. मी सारखा हात लावून बघत होते. कोरडं.

त्याच आठवड्यात आम्ही मॅडमकडे गेलो आणि मी प्रशांतची कॉलर खाली ओढून दाखवली. रंगाची सगळी हकिगत सांगितली. त्या आधी चकित झाल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. "एवढी वर्षं काम करते, पण हे उत्तर मला कुणी दिलं नव्हतं," म्हणाल्या. मग त्यांनी वहीतलं आमचं पान काढलं आणि प्रशांतच्या चौकोनाचा अर्धा भाग पेन्सिलीनं काळा केला. ज्याच्यावर खूण सापडते त्याचा असा काळा करतात, म्हणाल्या.

पुढे रिपोर्ट आला, त्यातही तेच. एक जनुक, त्यात एक चूक, वडिलांकडून आलेली. त्याच चुकीनं प्रशांतला फक्त डाग दिले आणि विहानला डोक्यातली शीर. असं का, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या कुठल्याही बाळाला ही चूक मिळेल की नाही, ते नाणं उडवण्यासारखं आहे. मिळाली म्हणजे आजार होतोच, असं नाही, पण आधी आमच्याकडे या. प्रशांतच्या डोक्याचा आणि विहानच्या पाठीच्या कण्याचा एमआरआय करायला लावला. दोन्ही स्वच्छ निघाले. प्रशांतच्या रिपोर्टची वाट बघताना मला कळलं, की भीती एका माणसात मावली नाही तर ती घरभर पसरते. मी त्याला चिडवणंसुद्धा सोडून दिलं होतं. त्याला तेच जास्त लागलं.

येताना तो मॅडमना म्हणाला, "मी हे दिलं त्याला." मॅडम म्हणाल्या, "हो, तुमच्याकडून गेलं. तुम्हाला विचारून नाही गेलं." बसमध्ये तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. अजूनही कधी कधी विहानची पाठ पुसताना तो मध्येच थांबतो. मी बघते.

आता

विहान चौदा महिन्यांचा आहे. नवव्या महिन्यात दुसऱ्यांदा नळी घातली. कदाचित अजून एकदा लागेल. तो उशिरा बसला, उशिरा रांगला. डावा हात जरा मागे असतो, त्याचे व्यायाम चालू आहेत. झटक्यांचं औषध चालू आहे. सगळं ठीक झालं, असं मी लिहिणार नाही. तो गाढ झोपला की मी अजून श्वास मोजते.

अंगणवाडीत आता मी तान्ह्या बाळांच्या डोक्याचा घेरही मोजते, आमच्या नोंदवहीत त्याला रकाना नसला तरी. टाळू वर आलेली, ताणलेली दिसली, दूध पिताना घाम दिसला, अंगावर असे ठिपके दिसले, तर आईला घाबरवत नाही, पण त्याच दिवशी पाठवते. आणि डॉक्टरांनी घरातल्यांबद्दल विचारलं तर हो-नाही म्हणण्याआधी एकमेकांचे शर्ट काढून बघा, असं सांगते. बायका हसतात. हसू देत.

गेल्या रविवारी आम्ही सातपाटीला गेलो होतो. विहान ओट्याला धरून उभा राहिला. पहिल्यांदाच, आपला आपण. सासूबाई "बघा, बघा" म्हणेपर्यंत त्याचा हात सुटला आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. तो आवाज मी विसरणार नाही. प्रशांत पांढरा पडला. मी विहानला उचललं तर कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ येत होतं आणि तो बेंबीच्या देठापासून रडत होता.

मी बोईसरच्या डॉक्टरांना फोन लावला, ज्यांनी पहिल्यांदा त्याचं डोकं ऐकलं होतं त्यांना. त्यांनी विचारलं, लगेच रडला का? उलटी? नजर नीट आहे? हातपाय हलवतोय? मी बघून बघून सांगितलं. तोपर्यंत विहान रडं थांबवून माझ्या हातातला मोबाईल ओढायला लागला होता.

"बर्फ लावा," डॉक्टर म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. आज लक्ष ठेवा. उलटी झाली किंवा झोपाळू वाटला तर घेऊन या."

"पण डॉक्टर, त्याचं डोकं..."

"ताई, उभं राहायला लागली की सगळीच मुलं पडतात."

मी फोन ठेवला. प्रशांत विचारत होता, काय म्हणाले, काय म्हणाले? मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगताच येईना. सगळीच मुलं. चौदा महिन्यांत कुणी विहानला सगळ्या मुलांत धरलं नव्हतं. मी ओट्यावर बसून भोकाड पसरलं, आणि सासूबाई पापलेटाच्या पेटीतला बर्फ पदरात गुंडाळून त्याच्या टेंगळावर धरून बसल्या.